पांढऱ्या गाडीवरचे तपकिरी शिंतोडे: टायर पॉलिशचा डाग बसतो कसा आणि निघतो कसा

प्रश्न थोडक्यात असा: पांढरी हॅचबॅक, तीन वर्षांची. दर पंधरवड्याला वॉशिंग सेंटरवर धुतली जाते आणि शेवटी टायरला चकचकीत काळं पॉलिश मारलं जातं. गेल्या काही महिन्यांत चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या भागावर आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्यांवर पिवळट-तपकिरी ठिपके दिसायला लागलेत. शांपूने जात नाहीत. एका पेंटरने सांगितलं की रंगच पिवळा पडलाय, बंपर आणि दोन दारं रंगवून घ्या. हे खरं आहे का, आणि घरी काही करता येईल का?

आधी एवढं ऐका, एवढ्यात काही रंगवून घेऊ नका. अठरा वर्षं मी गाड्यांच्या रंगाचं काम करतोय. पहिली सहा डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गेली, पुढची सगळी डिटेलिंगमध्ये, म्हणजे गाडीची बारकाईने साफसफाई आणि रंग चमकवण्याच्या कामात. अगदी याच तक्रारीच्या गाड्या माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेकींचा कंपनीचा मूळ रंग खाली शाबूत असतो. पत्र्यावरचा कंपनीचा रंग भट्टीत साधारण १४० अंशांना भाजलेला असतो. बाहेरच्या शेडमध्ये तो दर्जा मिळत नाही. म्हणून मूळ रंग वाचत असेल तर तो वाचवायचाच, त्यासाठी दोन रविवार गेले तरी चालतील.

आता डाग कशाचा ते बघू, कारण ते कळलं की काढायचा कसा हे निम्मं कळतं. सगळे म्हणतात पॉलिश उडालं, पॉलिशचा डाग पडला. पण टायर पॉलिशची बाटली उजेडात धरून बघा. आत एकतर दुधासारखं पांढरं पाणी असतं, नाहीतर खोबरेल तेलासारखं नितळ काहीतरी. तपकिरी त्यात काहीच नसतं. तपकिरी रंग येतो टायरमधून.

रबराचा मोठा वैरी हवेतला ओझोन. ताणलेल्या रबराला तो बारीक बारीक चिरा पाडतो. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या टायरच्या बाजूवर तुम्ही त्या पाहिल्या असतील. हे टाळायला टायर बनवतानाच रबरात ओझोनरोधक रसायनं मिसळतात. त्यातलं सगळ्यात जास्त वापरात असलेलं म्हणजे सिक्स-पीपीडी. त्याचं कामच असं की ते आतून हळूहळू टायरच्या पृष्ठभागावर झिरपत येतं आणि रबराच्या आधी स्वतः ओझोनशी भिडतं. भिडल्यावर जे उरतं ते तपकिरी असतं. नवा कोरा काळा टायर वर्षभरात तांबूस दिसायला लागतो तो यामुळे. त्यासोबत रबरातलं मेणही वर येत असतं. म्हणजे तो तांबूसपणा ही घाण नाही. टायर स्वतःला वाचवतोय, त्याची ती खूण आहे.

याचा पुरावा तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच मिळेल. फिक्या टाइल्स असतील तर रोज जिथे टायर टेकतो तिथे तपकिरी चौकोनी डाग पडलेला असतो. वॉचमन फिनाइल ओतून ओतून थकतो, पण तो जात नाही. घरातही रबरी तळाचं पायपुसणं प्लास्टिकच्या फ्लोरिंगवर वर्ष-दोन वर्षं पडून राहिलं की खाली पिवळा ठसा उमटतो. रबरातली रसायनं शेजारच्या वस्तूत शिरतात, आणि नेमकं हेच तुमच्या दारावर झालंय. फरक एवढाच की इथे टायर दाराला टेकला नाही. टायरवरचं ते तपकिरी पॉलिशने उचललं आणि दारावर नेऊन ठेवलं.

पॉलिश ते कसं उचलतं? टायर पॉलिश ढोबळ मानाने दोन जातींचं. एक पाण्यात केलेलं: सिलिकॉन तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळलेले असतात, म्हणून दुधी दिसतं. दुसरं पेट्रोलियम सॉल्व्हंटमधलं, म्हणजे रॉकेलच्या जातीच्या विरघळवणाऱ्या द्रवातलं, नितळ आणि तेलकट, जास्त चमकणारं, रॉकेलसारख्या वासाचं. वॉशिंग सेंटरवर डब्यात स्पंज बुडवून मारतात ते बऱ्याचदा दुसऱ्या जातीचं असतं, किंवा कुणीतरी स्वतःच्या हिशोबाने बनवलेलं मिश्रण असतं. काही ठिकाणी तर सरळ डिझेल किंवा जळकं ऑइल फडक्याने फिरवलेलं मी पाहिलंय. टायरच्या रबराला पेट्रोलियम सोसत नाही, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय असं सॉल्व्हंट टायरवरचा तपकिरी थर विरघळवून स्वतःत घेतं. तो थेंब दारावर उडाला की सॉल्व्हंट क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, वरच्यावर थोडं शिरतं, मग उडून जातं, आणि सोबत आणलेलं तपकिरी तिथेच सोडून जातं. वरून उन्हाने पत्रा तापला की ते आणखी घट्ट बसतं. म्हणून शांपू हरतो. शांपू वरची धूळ आणि हलका चिकटा काढतो, थरात शिरलेल्याला तो काही करू शकत नाही.

उडतं किती जोरात, त्याचा हिशोब एकदा करून बघा, म्हणजे 'थोडंसं जास्त लागलं तर काय बिघडतं' हा विचार डोक्यातून जाईल. हॅचबॅकच्या चाकाचा घेर धरा साधारण १.९ मीटर. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास नऊ फेऱ्या मारतं. टायरच्या बाजूवर, मध्यापासून पाव मीटरवर बसलेल्या थेंबाला धरून ठेवायचं तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ऐंशी पट ओढ लागते. तेलाच्या ओल्या थेंबाकडे एवढी पकड कुठली? तो सुटतोच. आणि चाकाचा मागचा भाग गाडी पुढे जाताना खालून वर जात असतो, त्यामुळे थेंब मागे आणि वर फेकले जातात. तुमच्या दाराजवळ गुडघे टेकून बसा. ठिपके चाकाच्या मागे खालून सुरू होऊन पंख्यासारखे वर पसरलेले दिसतील, खाली दाट, वर विरळ. पुष्कळ ठिपके गोल नसतात, स्वल्पविरामासारखी बारीक शेपटी असते. असा पंखा दिसला की मी पुढची चौकशी करत नाही, टायर पॉलिशच.

तरी खात्री करून घ्या, कारण याच जागी दिसायला सारखे आणखी तीन-चार डाग पडतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. डांबराचे ठिपके काळे आणि उंचवट्याचे असतात, नखाला लागतात. लोखंडाच्या कणांचे ठिपके नारिंगी, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, आणि ते फक्त चाकामागे नसून बॉनेट, डिकी सगळीकडे विखुरलेले असतात. ब्रेकच्या घर्षणातून, रेल्वेलाइनजवळच्या पार्किंगमधून, फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपशेजारून ते येतात. त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव, फवारला की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ दिसतात. टायरच्या डागावर जांभळं काही येत नाही. बोअरच्या पाण्याचे डाग पांढरट कड्यांचे असतात, पांढऱ्या गाडीवर ते तिरप्या उजेडातच दिसतात. आणि कोकणात जाऊन आलेल्या गाडीवर तांबडी माती बसलेली असते. टायर पॉलिशचा तेलकट शिंतोडा आधीपासून असेल तर माती त्यालाच चिकटते आणि डाग दुप्पट गडद दिसतो. अशा गाड्या गणपतीनंतर येतात आणि मालक घाबरलेले असतात. त्यातला निम्मा रंग मातीचा असतो, नीट धुतल्यावर जातो.

आता काढायचं कसं. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी साधा शांपू, भरपूर पाणी, आणि दोन बादल्या: एक शांपूची, एक मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, खळबळायची. खालच्या भागात वाळू सगळ्यात जास्त असते, ती नीट गेली नाही तर पुढे तुम्ही जे काही पुसाल त्याने चरे उठतील. धुऊन कोरडं करा.

मग स्वच्छ पांढरं मायक्रोफायबरचं फडकं घ्या. पांढरंच घ्या, कारण पुढचं सगळं ते फडकंच सांगणार आहे. त्याची चौघडी करा, एका कोपऱ्यावर टार रिमूव्हर, म्हणजे डांबर काढायचं द्रव, कोपरा ओला होईल एवढा घ्या आणि ठिपक्यांवर फक्त टेकवून धरा. घासू नका. अर्धा ते एक मिनिट धरून ठेवा, मग हलक्या हाताने एकाच दिशेला उचलून घ्या आणि फडकं बघा. पातळ चहाच्या डागासारखा पिवळट रंग फडक्यावर आला असेल तर डाग अजून वर आहे, आणि तुमचं काम सोपं आहे. फडक्याची बाजू बदला, पुन्हा टेकवा, पुन्हा उचला. तीच बाजू परत वापरली तर काढलेलं तपकिरी शेजारच्या रंगावर पसरेल. पाच-सहा वेळा केल्यावर फडकं पांढरंच राहायला लागतं. तिथे थांबा, तेवढा भाग शांपूने धुऊन सॉल्व्हंट काढून टाका. टार रिमूव्हर रंगावर वाळू द्यायचा नाही, हे नीट लक्षात ठेवा.

टार रिमूव्हर मिळत नसेल तर स्वच्छ रॉकेलही चालतं, याच पद्धतीने, थोडं थोडं, आणि नंतर लगेच धुऊन. जुने पेंटर तेच वापरायचे. पण डिझेल नको, ते मागे तेलकट थर ठेवतं आणि त्यावर धूळ बसते.

याने जे उरेल त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. निम्मं अल्कोहोल आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असं करून फवारा, फडक्याने पुसा. हे मुख्यतः सिलिकॉनचा उरलेला पातळ थर उचलायला. ठिपके गेले असं वाटतं, पण पाणी मारल्यावर त्या जागी पाणी वेगळंच पळताना दिसतं, ते सिलिकॉन. ते राहिलं तर पुढचं रंगाचं पॉलिश किंवा वॅक्स तिथे नीट धरत नाही.

त्यानंतर हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोटं पॅनेलवरून फिरवा. नुसत्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. खरखरीत लागलं तर वर अजून काही चिकटलेलं आहे, तिथे क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. क्लेला शांपूचं पाणी सढळ हाताने वापरा, क्ले सरकली पाहिजे, अडकता कामा नये. लहान तुकडा घ्या, चपटा करा, सरळ रेषेत पुढेमागे फिरवा, दर थोड्या वेळाने मळून नवीन बाजू काढा. आणि क्ले जमिनीवर पडली तर त्या क्षणी ती कचऱ्यात. तिच्यात घुसलेला वाळूचा एक कण पूर्ण दारावर रेघोट्या ओढतो. शंभर रुपये वाचवायला जाऊन दार खराब केलेली माणसं मी पाहिली आहेत.

पिशवीतून हात फिरवल्यावर काचेसारखं गुळगुळीत लागतंय आणि तरी पिवळट ठिपका दिसतोय, असं असेल तर डाग क्लिअर कोटच्या आत उतरलाय. आता पॉलिशिंगशिवाय इलाज नाही. इथे जरा थांबून समजून घ्या. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसापेक्षाही पातळ थर तुमच्या रंगाचं ऊन-पावसापासून रक्षण करत असतो. पॉलिशिंग म्हणजे त्यातलेच एक-दोन मायक्रॉन काढून टाकणं. सुदैवाने टायरचे डाग बहुतेक वेळा अगदी वरच उतरलेले असतात, त्यामुळे बारीक फिनिशिंग पॉलिश, मऊ फोमचा पॅड आणि हाताचा दाब एवढ्यातच पुष्कळ निघतात. एका ठिपक्यावर आधी करून बघा. चाळीस-पन्नास वेळा हात फिरवा, पुसा, उजेडात बघा. फिकट झाला तर मार्ग बरोबर आहे.

फरक पडत नसेल तर मशीन लागेल, आणि ते काम अनुभवी माणसाकडे द्या. जाताना दोन गोष्टी विचारा. पहिली, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का. चांगला डिटेलर आधी जाडी मोजतो, मग पॅड लावतो. मात्र ते साधं यंत्र पत्र्यावर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही, म्हणून बंपरवर जास्तच सावध राहावं लागतं. दुसरी, ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, म्हणजे पॅड फिरता फिरता डुलवणारं, वापरतात का. नाक्यावर 'रबिंग' म्हणून जे करतात ते लोकरीचा पॅड आणि गरगर फिरणारं रोटरी मशीन घेऊन. सरावलेल्या हातात तेही वाईट नाही, पण बंपरच्या कडा आणि दाराच्या धारा यांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे रोटरी दोन सेकंद जास्त थांबलं की रंग जळतो आणि खालचं प्रायमर दिसतं. तुमचे डाग नेमके बंपरच्या कोपऱ्यावर आहेत, म्हणून हे ठासून सांगतोय.

त्याहून खोल डाग असेल तर २००० किंवा ३००० नंबरचा अगदी बारीक सँडपेपर पाण्यात फिरवून मग पॉलिश करतात. तिथपर्यंत फार कमी गाड्या जातात.

काय करू नका तेही सांगतो, कारण गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक पांढरी सेडान आली, तिचा मागचा बंपर मी वाचवू शकलो नाही. मालकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून ठिपक्यांवर थिनर घासला होता. बंपर एकदा आधी बाहेर रंगवलेला होता हे त्यांना माहीत नव्हतं, गाडी सेकंडहँड घेतलेली. भट्टीत भाजलेला कंपनीचा रंग थिनर थोडा वेळ सोसतो, पण बाहेर स्वस्तात मारलेला रंग, ज्याला आपल्याकडे अजून सरसकट ड्युको म्हणतात, थिनरमध्ये सरळ विरघळतो. ठिपके गेले, पण त्यांच्या जागी तळहाताएवढे खरखरीत, मेलेले पट्टे उठले. मालकांनी हात लावून मला विचारलं, 'याला काहीच नाही का होणार?' आणि मला नाही म्हणावं लागलं. थिनर नको, नेलपॉलिश रिमूव्हर नको, टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच तर मुळीच नको. भांडी घासायची हिरवी घासणी रंगाजवळही आणू नका. आणि टार रिमूव्हर असो की अल्कोहोल, आधी दिसत नाही अशा जागी, बंपरच्या खालच्या कडेला, एक थेंब लावून पुसा आणि फडकं बघा; पांढऱ्या गाडीला या चाचणीपुरतं गडद फडकं घ्या. फडक्यावर गाडीचाच रंग आला तर तो भाग रंगवलेला आहे. लगेच थांबा.

गाडीवर पीपीएफ, म्हणजे ती पारदर्शक संरक्षक फिल्म असेल तर पॉलिशिंगचा मार्गच बंद. फिल्म असे डाग रंगापेक्षा लवकर पिते. अल्कोहोलने हलक्या हाताने जेवढं निघेल तेवढं, बाकी तो तुकडा बदलायचा. फिल्म लावलेल्या गाडीच्या मालकाने तर टायर पॉलिशबाबत दुप्पट काळजी घ्यावी.

आता टायरकडे येतो, कारण तिथे बदल केला नाही तर तीन महिन्यांनी तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल. तांबूस टायरवर पॉलिश मारणं हीच मूळ चूक आहे. आधी टायर स्वच्छ हवा. टायर क्लीनर किंवा ऑल पर्पज क्लीनर फवारा, ताठ केसांच्या ब्रशने घासा, फेस बघा. पहिल्यांदा तो कडक कॉफीसारखा येईल. पाणी मारा, पुन्हा फवारा, पुन्हा घासा. वर्षानुवर्षं पॉलिशवर पॉलिश चढलेल्या टायरला मला चार-चार फेऱ्या लागल्या आहेत. फेस पांढरट येऊ लागला की पुरे. हे दर आठवड्याला करायचं काम नाही, कारण तो थर टायरच्या भल्यासाठी वर येत असतो. दीड-दोन महिन्यांतून एकदा, आणि पॉलिश लावायचंच असेल तेव्हा. नवीन टायर बसवले असतील तर त्यावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश असतो, तेही आधी घासून घ्या.

ते तपकिरी पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सिक्स-पीपीडी ओझोनशी मिळून जे क्विनोन नावाच्या जातीचं विषारी रसायन बनतं, ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरतं आणि अमेरिकेच्या वायव्य भागातले कोहो सामन मासे त्याने मरतात, हे तिथल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं. ते वाचल्यापासून मी शेडमध्ये टायर धुण्याची जागा वेगळी केली आहे.

टायर पूर्ण वाळू द्या. टायरवरच्या अक्षरांच्या खाचांमध्ये पाणी लपून बसतं, आणि पाण्यावर मारलेलं पॉलिश रबराला चिकटतच नाही, ते पहिल्याच चढाला सुटतं. वॉशिंग सेंटरवर सगळा घोटाळा इथे होतो. त्या पोराला एका गाडीला मोजकी मिनिटं मिळतात, मागे चार गाड्या उभ्या असतात. टायर ओला, स्पंज ओथंबलेला, आणि गाडी लगेच रस्त्यावर. त्याला बोलून उपयोग नाही, त्याला सांगितलेलं काम तो करतोय. तुम्ही चावी देतानाच सांगा, 'टायरला काही लावू नका.' पैसे तेवढेच घेतील, घेऊ देत. गाडीच्या तळाला खालून डिझेल किंवा ऑइलचा फवारा मारतात तोही नको म्हणून सांगा, त्याचे शिंतोडेही याच जागी बसतात.

लावायचं तर घरी लावा. दुधी, पाण्यातलं पॉलिश घ्या. टायरवर थेट फवारायचं नाही, स्पंजवर वाटाण्याएवढं घेऊन फक्त टायरच्या बाजूला पातळ फिरवायचं. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून घ्यायचं. पुसल्यावर चमक कमी होते, हे खरं. पण जी चमक पुसल्यावर गेली ती रस्त्यावर दारावरच जाणार होती. हाताला कोरडं लागलं पाहिजे. संध्याकाळी लावून रात्रभर गाडी उभी ठेवली तर सगळ्यात चांगलं. खात्री करायची असेल तर चाकामागे दारावर पांढऱ्या कागदी टेपची वीतभर पट्टी चिकटवा, पाच-सात किलोमीटर फिरून या आणि पट्टी बघा. पट्टी कोरी असेल तर तुमचा हात बरोबर बसलाय. टेप मात्र आल्याबरोबर काढा, उन्हात राहू देऊ नका.

आणि रस्त्याला टेकणारा टायरचा भाग, म्हणजे ट्रेड, त्याला पॉलिश कधीही लावायचं नाही. फवारा मारताना जाळीच्या रिममधून सिलिकॉन ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर ब्रेक धरत नाही. रंगावरचा डाग महिन्याभरात निघेल, हे प्रकरण वेगळं आहे. मोटारसायकलच्या टायरला तर काहीच लावू नका, बाजूलासुद्धा. वळणावर गाडी कलते आणि टायर बाजूपर्यंत रस्त्याला लागतो. घरात कॉलेजला जाणारं कुणी बाईक धुऊन 'चमकवत' असेल तर त्याला आजच सांगा.

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठीही एक सांगतो. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाले टायर अगदी काळेभोर करून ठेवतात. हार घातला जातो, चाकाखाली लिंबं ठेवली जातात, फोटो होतात आणि गाडी तशीच ओल्या टायरने घरी निघते. पहिले शिंतोडे त्याच दिवशी बसतात. घरी आल्यावर खालचा भाग फक्त धुऊन पुसून घेतला तरी पुरतं, त्या वेळी ते अजून वरच असतात. मी ओळखीच्या सगळ्यांना आदल्या दिवशीच शोरूमला फोन करून पॉलिश नको म्हणून सांगायला लावतो.

डाग निघाल्यावर खालच्या भागाला वॅक्स किंवा सिलंट, म्हणजे रंगावर बसणारा संरक्षक लेप, लावा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावत जा. पूर्ण गाडीला जमलं नाही तरी चाकांच्या मागचा भाग सोडू नका. सिरॅमिक कोटिंग असलं तरी डाग बसतो, पण उशिरा बसतो आणि लवकर निघतो. मडफ्लॅपने मागे उडणारं बरंच अडतं, टायरच्या बाजूवरून बाहेर उडणारं मात्र त्याला चुकवून जातं. तरी बसवा, खडीपासून रंग वाचतो.

सगळं करूनही बंपर रंगवावाच लागला, तर पेंटरला आधीच सांगा की या भागावर टायर पॉलिश उडालेलं आहे. पत्र्यावर किंवा बंपरवर सिलिकॉनचा अंश राहिला तर नवा रंग त्या जागी फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. घासण्याच्या आधी आणि घासल्यानंतर, दोन्ही वेळा सिलिकॉन रिमूव्हरने पुसायला सांगा. आधी न पुसता घासलं तर पेपर ते सिलिकॉन चऱ्यांमध्ये आणखी आत दाबतो. आणि रंगवल्यावर निदान दोन महिने त्या गाडीच्या टायरला काहीही लावू नका. नवा रंग पूर्ण वाळलेला नसतो, त्याच्यात असा डाग पहिल्याच दिवशी खोल जातो.

तुमच्या गाडीबद्दल माझा अंदाज: दारांवरचे टार रिमूव्हरने निघतील, बंपरच्या कोपऱ्यांना हाताने पॉलिश लागेल. आधी एका दारावर एवढंच करा आणि पहिल्या पुसण्याला फडक्यावर कोणता रंग आला ते लिहा. फडक्याचा आणि ठिपक्यांचा फोटो सावलीत काढून टाकलात तर पुढचं नेमकं सांगता येईल. बंपर कधी रंगवलेला आहे का, हेही विचारून ठेवा.